चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहा : खान्देशातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत प्रॅक्टिस करणारे सर्व डॉक्टर मित्र-मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

"यूएसजी ए प्लस पी." "एमआरआय एलएस स्पाइन." "सीटी ब्रेन प्लेन." तुमच्याकडून येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर पेशंटचं नाव, वय आणि यांतलं एखादं (पोटाची सोनोग्राफी, कंबरेचा एमआरआय, डोक्याचा साधा सीटी), एवढाच मजकूर असतो. कधी तर औषध कंपनीच्या पॅडचा चतकोर तुकडा आणि पेशंटच्या तोंडी निरोप, "सरांनी सांगितलंय, फोटो काढून या." संध्याकाळी तुमचा फोन येतो, "काय निघालं?" काय शोधायचं होतं हेच कागदावर नसतं, म्हणून काय निघालं ते सांगताना माझी पंचाईत होते.

मी जळगावात रेडिओलॉजीची प्रॅक्टिस करतो. रात्री तालुक्याच्या काही सीटी सेंटरचे रिपोर्टही घरी बसून करतो. हे पत्र तक्रारीचं वाटेल, थोडंफार आहेही. पण मुख्य म्हणणं एकच: आमचा रिपोर्ट हे मत असतं, आणि ते मत तुमच्या माहितीवर उभं असतं. चिठ्ठी कोरी असेल तर मशीन कितीही भारी असो, मत लंगडंच राहतं.

पडद्यावर आम्हाला दिसतात त्या राखाडी रंगाच्या छटा. त्यांना आजाराचं नाव चिकटवलेलं नसतं. पाणी, पू, रक्त, गाठ यांच्या छटा बऱ्याचदा इतक्या जवळच्या असतात की नुसत्या चित्रावरून निवाडा होत नाही. रावेरच्या केळीवाल्याला पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो पाठवून बघा. लागण कधीची, पाणी किती चाललंय, मागच्या आठवड्यात थंडी पडली होती का, हे विचारल्याशिवाय तो औषधाचं नाव काढणार नाही. आमच्याकडे मात्र सगळ्यांना पानाचा फोटो पाठवून थेट औषधाचं नाव हवं असतं.

डोक्याच्या सीटीचं उदाहरण घेऊ. तरुण मुलाला पहिल्यांदाच फिट आली, कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं, शिरेतून दिलेलं औषध) दिल्यावर मेंदूत एक छोटी चकाकणारी रिंग दिसली. ही क्षयाची गाठ, की सिस्टिसर्कस, म्हणजे डुकरातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी? एकेकाळी आपल्या देशात अशा कितीतरी मुलांना थेट टीबीची औषधं सुरू व्हायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले न्यूरोसर्जन मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अशा गाठींच्या बायॉप्सी करून दाखवलं की यातल्या बहुतांश सिस्टिसर्कसच्या असतात. पुढे त्यांनी ओळखण्याचे निकष ठरवले. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा मोठी नको, सूज इतकी नको की मेंदूची मधली रेषा सरकावी. हे चित्रात दिसतं. पण उरलेले निकष बघा: डोक्यातला दाब सतत वाढलेला नको, हातापायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत चाललेली नको, शरीरात दुसरीकडे चालू आजार नको. यांपैकी एकही गोष्ट सीटीच्या फिल्मवर नसते. ती तुमच्या केबिनमध्ये, पेशंटच्या बोलण्यात आणि तुमच्या तपासणीत असते. तुम्ही "सीटी ब्रेन कॉन्ट्रास्ट" एवढंच लिहिता तेव्हा अर्धे निकष घरी ठेवून येता. मग रिपोर्टमध्ये "ट्यूबरक्युलोमा की सिस्टिसर्कोसिस" असं लिहावं लागतं, आणि तुम्ही म्हणता, रेडिओलॉजिस्ट कधी ठाम बोलत नाही.

(शाकाहारी घरातली माणसं इथे हमखास बिथरतात: "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, डुकराचा किडा कुठून आला?" या कृमीची अंडी दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून पोटात जातात, हे त्यांना दोन मिनिटं बसून सांगावं लागतं. रिपोर्ट हातात देऊन हे काम होत नाही.)

छातीच्या एक्स-रेचंही तेच. उभं राहून, पाठीकडून किरण सोडून काढलेला पीए व्ह्यू आणि पलंगावर झोपवून समोरून काढलेला एपी व्ह्यू यांत हृदयाचा आकार वेगळा दिसतो. एपीमध्ये हृदय प्लेटपासून लांब राहतं आणि सावली मोठी पडते. पेशंटने श्वास पुरता आत घेतला नसेल तर ते आणखी फुगतं, खालची फुप्फुसं पांढुरकी दिसतात आणि न्यूमोनियाचा भास होतो. फिल्मवर "एपी, सुपाइन" लिहिलेलं नसलं की "कार्डिओमेगाली", म्हणजे हृदय मोठं झालंय, असा रिपोर्ट जातो. त्यामागून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) येतो, आणि घरच्यांच्या मनात हृदयाचा रोग कायमचा बसतो.

आता क्षयरोग. आपल्याकडे छातीत वरच्या भागात सावली दिसली की डोक्यात पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचंही नसतं. पण सावली आजची की दहा वर्षांपूर्वीच्या जुन्या आजाराचा व्रण, हे एका एक्स-रेवरून सांगणं फार अवघड. जुना एक्स-रे शेजारी ठेवला की प्रश्न मिनिटात सुटतो. दोन वर्षांत न वाढलेली घट्ट गाठ सहसा निरुपद्रवी असते आणि तीन महिन्यांत वाढलेली काळजीची, एवढं साधं गणित आहे. जुनी फिल्म नसेल तर तेच गणित सोडवायला सीटी, बायॉप्सी आणि दोन-तीन महिने जातात. त्यात विडी ओढणारा साठीचा माणूस असेल आणि थुंकीची तपासणी न करताच टीबीची औषधं चालू झाली असतील, तर ते दोन-तीन महिने कॅन्सरला मिळतात. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचा जंतू शोधणारी चाचणी) झाली का आणि काय आलं, एवढं चिठ्ठीवर लिहिलं तरी माझ्या रिपोर्टची भाषा बदलते.

हल्ली एआयचं कौतुक चालू आहे. १५ वर्षांवरील लोकांच्या टीबी तपासणीसाठी छातीचा एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे त्याचा खरोखर उपयोग आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या जुन्या व्रणांवर हे सॉफ्टवेअरही अडखळतं. "तुम्हाला आधी टीबी झाला होता का?" हे त्यालाही कुणीतरी सांगावंच लागतं.

सातपुड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चिठ्ठी कोरी असण्याची सगळ्यात जास्त किंमत तिथले पेशंट मोजतात. अक्राणी, अक्कलकुवा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल (लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक रक्तविकार) आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, कार्डं वाटली गेली. पण आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर "सिकलसेल" हा शब्द क्वचित असतो.

तो नसला की काय होतं? खुबा दुखणाऱ्या तरुणाचा एक्स-रे नॉर्मल येतो, कारण फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची पहिली लक्षणं एक्स-रेवर दिसतच नाहीत, एमआरआयवर दिसतात. सिकलसेल माहीत असतं तर "एक्स-रे नॉर्मल असला तरी एमआरआय करा" असं मी रिपोर्टमध्येच लिहिलं असतं. माहीत नसल्यामुळे "नो बोनी अ‍ॅब्नॉर्मॅलिटी" लिहिलं जातं, पोरगा वेदनाशामक गोळ्यांवर ऊसतोडीला जातो आणि परत येतो तेव्हा हाड खचलेलं असतं. पायाच्या हाडाच्या एमआरआयमध्ये सूज दिसते तेव्हा ते हाड रक्ताअभावी मेलंय की त्यात पू झालाय, हा फरक सिकलसेलमध्ये अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही चकवतो. ताप किती, पांढऱ्या पेशी किती, दुखणं अचानक आलं की हळूहळू, यावर उत्तर अवलंबून असतं. मणक्याच्या एमआरआयमध्ये हाडातली मज्जा सगळीकडे काळी पडलेली दिसते. रक्त तयार करण्यासाठी लाल मज्जा पुन्हा कामाला लागलेली असते, एवढंच. पण सिकलसेल माहीत नसेल तर "मज्जेत पसरलेला आजार, ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) वगळावा" अशी ओळ रिपोर्टमध्ये जाते, आणि धडगावच्या कुटुंबाला मुंबईची वाट धरावी लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत सिकलसेलची प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या पेशंटांत ती बऱ्याचदा मोठी राहते. पुस्तक वाचून शहरात बसलेला, रात्री दूरवरून रिपोर्ट करणारा माणूस मोठी प्लीहा बघून मलेरियापासून सुरुवात करतो.

पेशंटलाच विचारा ना, असं तुम्ही म्हणाल. विचारतो. "काय त्रास?" "पोट दुखस." "कधीपासून?" "गंज दिन व्हई ग्यात" (खूप दिवस झाले). अहिराणी मला येते, म्हणून एवढं तरी कळतं. पावरी बोलणारी बाई सोबत दुभाष्याशिवाय आली की माझे हात टेकतात. आणि रात्री अकराला तालुक्यावरून सीटी येतो तेव्हा समोर पेशंटच नसतो. काही शे प्रतिमा, एक नाव, एक वय, आणि "हेड इंज्युरी?" असं प्रश्नचिन्ह, तेही असलं तर.

मुतखड्याबद्दल दोनच वाक्यं, कारण उन्हाळ्यात निम्मी ओपीडी त्याचीच असते. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या हवेमागे सहज लपतो, म्हणून "खडा दिसला नाही" याचा अर्थ "खडा नाही" असा घेऊ नका. कळ तशीच असेल तर साधा, बिनाकॉन्ट्रास्टचा सीटी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वेळा उत्तर देतो. आणि पित्ताशय बघायचं असेल तर पेशंटला उपाशी पाठवा हे सांगायचं राहू देऊ नका. पहाटेच्या एसटीने निघून, वाटेत भाकरी खाऊन आलेल्या माणसाचं आकसलेलं पित्ताशय बघून मी काय सांगणार?

आता उलट बाजू. जिथे चित्रात खूप काही दिसतं तिथेही चिठ्ठी लागते. कंबरदुखीचा एमआरआय हे याचं ठळक उदाहरण. कसलीच कंबरदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. विशीतल्या ३७ टक्के निरोगी लोकांत चकती झिजलेली होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. चकती फुगल्याचं, म्हणजे आपण पेशंटला "गादी सरकली" म्हणून सांगतो ते, विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत आढळलं. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, फुगवटा बहुधा निघणार, हे मी तो मशीनमध्ये जाण्याआधीच सांगू शकतो. प्रश्न हा की त्याचा उजवा पाय दुखतो की डावा, अंगठा उचलता येतो का, लघवीवर ताबा आहे का. हे लिहा, म्हणजे दिसणाऱ्या पाच फुगवट्यांपैकी दोषी कोणता ते मी सांगू शकेन. नाहीतर मी पाचही लिहीन आणि पेशंट इम्प्रेशनखालच्या (निष्कर्षाच्या) पाच ओळी वाचून आपल्याला अपंगत्व आलं असं समजेल. आपल्याकडे रिपोर्ट आधी घरचे, मग गावातला मेडिकलवाला आणि शेवटी डॉक्टर वाचतो, हे विसरू नका.

काही जण मला म्हणतात, "मुद्दामच लिहीत नाही. आधीच सांगितलं तर तुम्ही तेच शोधाल." हा आक्षेप पोकळ नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत एक गमतीशीर प्रयोग झाला. २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या आणि त्या सीटीत नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घुसवलं. २० जणांना गोरिला दिसलाच नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर तिथून फिरली होती, तरी दिसला नाही. एक दोष सापडला की शोध थांबवायची खोडही आमच्या डोळ्यांना असतेच. त्यावर १९६०च्या दशकापासून लिहिलं गेलंय. आणि या सगळ्याच्या आधी, १९४९ मध्ये हेन्री गार्लंड या रेडिओलॉजिस्टने दाखवलं होतं की छातीच्या दोष असलेल्या फिल्मांपैकी साधारण ३० टक्के तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटतात. रोजच्या कामात, जिथे बहुतेक तपासण्या नॉर्मल असतात, तिथे चुकांचं प्रमाण ३ ते ५ टक्के धरलं जातं. डोळा चुकतो, हे आमच्या शास्त्राने कधी लपवलेलं नाही.

पण यावर उपाय माहिती दडवणं हा नाही. मी चिठ्ठी उलटी ठेवून आधी चित्र पूर्ण बघतो, मनाशी मत करतो, मग चिठ्ठी वाचून पुन्हा बघतो. दुसऱ्या फेरीत जे सापडतं ते पहिल्या फेरीत सापडलं नसतं, असं वारंवार होतं. उलटी ठेवलेली चिठ्ठी कोरी असेल तर दुसरी फेरी होतच नाही.

आमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. "प्लीज कोरिलेट क्लिनिकली" ही ओळ आम्ही रिपोर्टच्या खाली ढालीसारखी वापरतो, ते बंद व्हायला हवं. काय जुळवून पाहायचं ते लिहावं, नसेल तर ओळ गाळावी. ठरलेल्या साच्यातले रिपोर्ट इतके अंगवळणी पडलेत की पित्ताशय काढून टाकलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये "पित्ताशय नॉर्मल" छापून आल्याचे किस्से आपल्या कॉन्फरन्समध्ये हसत सांगितले जातात. हसण्यासारखं त्यात काही नाही. जे दिसलं नाही ते "दिसलं नाही" असंच लिहायला हवं. हवेमुळे स्वादुपिंड झाकलं असेल तर ते "नॉर्मल" होत नाही.

एक विरोधाभास मला रोज टोचतो. गरोदर बाईची सोनोग्राफी असली की गर्भलिंगनिदान बंदीच्या (पीसीपीएनडीटी) कायद्याचा एफ फॉर्म शेवटच्या रकान्यापर्यंत भरला जातो, कारण रकाना रिकामा राहिला तर मशीनला सील लागतं. कायदा १९९४चा, त्यामागचं कारण रास्त आणि खान्देशाला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्याच बाईची शेवटच्या पाळीची तारीख चिठ्ठीवर नसते, आधीचं सिझेरियन लिहिलेलं नसतं. कायद्याच्या भीतीने आपण जेवढं लिहितो त्याच्या निम्मं पेशंटसाठी लिहिलं तरी पुरे.

आणि कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन. ज्या पेशंटला तपासणीची गरज कमी आणि पाठवण्याची गरज जास्त असते, त्याच्या चिठ्ठीवर प्रश्न नसतो, कारण प्रश्नच नसतो. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा झाला, चर्चा झाली, पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. देणारे आमच्यातले, घेणारे तुमच्यातले. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

आता मागणं. चिठ्ठीवर त्रास काय आणि कधीपासून, तपासणीत तुम्हाला काय सापडलं, आणि तुमचा नेमका प्रश्न काय, एवढं लिहा. इंग्रजीच हवं असं नाही, "उजवीकडे खाली दुखतं, ताप, अ‍ॅपेंडिक्स?" हे मला पुरतं. आधीचं ऑपरेशन, चालू औषधं, बाई असेल तर पाळीची तारीख, सातपुड्यातला पेशंट असेल तर सिकलसेलचा निकाल, कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी). आणि तुमचा मोबाईल नंबर. गर्भनळीत गर्भ फुटलेला, छातीत हवा भरून फुप्फुस दाबलं गेलेलं, मेंदूत रक्त साचलेलं, असं काही दिसलं तर मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही. पण फोन कुणाला करायचा हे कागदावर नसेल तर नातेवाइकांच्या मागे पळावं लागतं.

जुन्या तपासण्या पेशंटला सोबत आणायला सांगा, नुसते रिपोर्ट नव्हे. फिल्मवर सीटीच्या शेकडो प्रतिमांपैकी मोजक्याच छापलेल्या असतात, तेव्हा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "सर, जरा मत सांगा" म्हणू नका. मूळ डायकॉम फाइल (तपासणीच्या सगळ्या प्रतिमा असलेली संगणकीय फाइल) मागा. ती सीडीवर किंवा लिंकवर पेशंटला देणं आम्हा सेंटरवाल्यांचं काम आहे, आणि जे देत नाहीत त्यांच्याकडे तुम्ही आग्रह धरा. शिवाय आपल्या उन्हाचा हिशेब धरा. आताच्या कोरड्या थर्मल फिल्मा उष्णतेने काळवंडतात. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत भुसावळहून आलेला सीटी मी पाहिलाय. मेंदूच्या जागी नुसता काळोख होता.

छापील चिठ्ठ्यांचं पॅड मी तयार केलंय, त्यात या सगळ्याला जागा आहे. सेंटरचं नाव त्यावर टाकलेलं नाही, म्हणजे पेशंट कुठेही पाठवला तरी चालेल. आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) तालुका शाखांना गठ्ठे पाठवतोय, लागले तर आणखी छापून देईन.

एक शेवटचं, आणि हे माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारं आहे. पोराच्या अंडकोशात अचानक कळ आली, सूज आहे आणि तुम्हाला टॉर्शनची (अंडकोशाला पीळ पडल्याची) दाट शंका आहे, तर डॉप्लरसाठी (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी) माझ्याकडे पाठवू नका. अंडकोश वाचवायला साधारण सहा तास हातात असतात आणि त्यातले बरेचसे आपल्या रस्त्यांवर आधीच गेलेले असतात. थेट सर्जनकडे पाठवा.

आपला,
जळगावातला एक रेडिओलॉजिस्ट